नैराश्याची गोळी लिहिण्याआधी

नैराश्याबद्दल आपल्याकडे आता मोकळेपणाने बोललं जातं, ही गेल्या काही वर्षांतली चांगली गोष्ट आहे. कॉलेजांत व्याख्यानं होतात, वर्तमानपत्रांत सदरं चालतात, 10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की आरोग्य केंद्रांवर फलक लागतात. फॅमिली डॉक्टरही पूर्वीसारखे 'मनाचे खेळ आहेत, फिरायला जा' म्हणून रुग्णाला वाटेला लावत नाहीत. चार प्रश्न विचारतात आणि गोळी लिहून देतात. जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराची प्रॅक्टिस करणारा माणूस म्हणून मला याचं मोल नीट ठाऊक आहे. पण या सगळ्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे आणि काही रुग्ण तिची किंमत ऐन उमेदीची दहा-दहा वर्षं देऊन मोजत आहेत. उदास माणूस समोर बसला की 'हा कधी याच्या उलट टोकाला गेला होता का?' हे विचारायची सवय आपल्या वैद्यकीय व्यवस्थेला लागलेली नाही. हा प्रश्न रुग्णाला आणि त्याच्या घरच्या माणसाला विचारल्याशिवाय नैराश्याचं निदान पुरं झालं असं मानूच नये, असं माझं ठाम मत आहे. एखाद्या तज्ज्ञाच्या मर्जीवर हे सोडून चालणार नाही. सरकारी फॉर्मवर हा प्रश्न छापला गेला पाहिजे.

असं उलट टोक ज्यात येतं, त्या बायपोलर आजाराचं स्वरूप आधी थोडक्यात सांगतो. या आजारात माणूस कधी आठवडे, महिने खोल नैराश्यात असतो आणि कधी त्याच्या नेमक्या उलट अवस्थेत. या उलट अवस्थेत उत्साह ऊतू जातो किंवा चिडचीड पराकोटीला जाते. अंगात न संपणारी शक्ती येते, दोन-तीन तासांच्या झोपेवरही थकवा जाणवत नाही, बोलणं थांबत नाही, एका कल्पनेतून दुसरी निघत राहते, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्या हातून काहीतरी अलौकिक घडणार अशी खात्री वाटू लागते. हे आठवडाभर टिकलं आणि संसाराची किंवा नोकरीची घडी विस्कटली, किंवा दवाखान्यात दाखल करायची वेळ आली, तर त्याला मेनिया म्हणतात. किमान चार दिवस टिकणारं, आजूबाजूच्यांच्या लक्षात येण्याइतकं पण घडी न मोडणारं सौम्य रूप म्हणजे हायपोमेनिया. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली निकष सुधारले, तेव्हा बदललेल्या मनःस्थितीबरोबर वाढलेली हालचाल आणि ऊर्जाही दिसली पाहिजे अशी अट घातली. ही सुधारणा मला फार महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत आपण खूश होतो की नव्हतो हे रुग्ण विसरून जातो, पण त्या महिन्यात त्याने काय काय केलं ते अख्ख्या आळीला आठवत असतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. त्यात प्रौढांमध्ये आयुष्यात कधी ना कधी बायपोलर आजार झालेल्यांचं प्रमाण अर्धा टक्का निघालं आणि सध्या आजार असलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोनशे उंबऱ्यांचं गाव घेतलं तरी त्यात असे दोन-तीन जण निघतील, आणि त्यांच्यामुळे हवालदिल झालेली दोन-तीन घरं.

आता प्रश्न असा की इतका ठळक आजार डॉक्टरांच्या नजरेतून सुटतो कसा? उत्तर आजाराच्या वेळापत्रकात आहे. अमेरिकेत लुइस जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलर रुग्णांचा सरासरी जवळपास तेरा वर्षं, आठवड्या-आठवड्याचा मागोवा घेतला आणि 2002-03 मध्ये निष्कर्ष मांडले. मेनिया येऊन गेलेले रुग्ण एकूण आठवड्यांपैकी सुमारे 32 टक्के आठवडे नैराश्यात होते आणि फक्त 9 टक्के आठवडे मेनियाच्या किंवा हायपोमेनियाच्या लक्षणांत. ज्यांना फक्त हायपोमेनिया होतो त्यांच्यात तर नैराश्याचे आठवडे 50 टक्के आणि हायपोमेनियाचे जेमतेम 1.3 टक्के. म्हणजे असा रुग्ण आजारी असताना दवाखान्यात आला, तर बहुतेक वेळा तो उदासच दिसणार. शिवाय तो येतोच मुळी उदास असताना. झोप न घेताही ताजंतवानं वाटणारा, चार माणसांचं काम एकटा उरकणारा माणूस केसपेपर काढायला रांगेत कशाला उभा राहील? त्याच्या लेखी तेच त्याचे चांगले दिवस असतात. नैराश्यात असताना विचारलं तर तो सांगतो, 'डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी मी एकदम फिट होतो, मला तसं करून द्या.'

अमेरिकेतल्या रुग्ण-संघटनेने 2000 साली आपल्या बायपोलर सदस्यांची पाहणी केली, तेव्हा 69 टक्के लोकांचं आधी चुकीचं निदान झालेलं होतं आणि सगळ्यात जास्त वेळा ते नुसत्या नैराश्याचं होतं. नेमकं निदान होईपर्यंत सरासरी चार डॉक्टर झाले होते. एक तृतीयांशाहून अधिक लोकांना त्यासाठी दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ थांबावं लागलं होतं. मानसोपचारतज्ज्ञांची वानवा नसलेल्या देशातली ही कथा. आपल्याकडे लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य आहे. भारतात हा आजार पुष्कळदा मेनियाच्याच अंगाने दिसतो, आपल्याकडच्या अभ्यासांत मेनियाचे झटके पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतात, मग चुकायला वाव कुठे, असं काही सहकारी म्हणतात. पूर्ण भडकलेला मेनिया चुकत नाही, हे मान्य. रस्त्यावर गर्दी जमवणारा, पोलिसांनी ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात पोचवलेला माणूस कुणीही ओळखेल. पण रुग्णालयात पोचलेल्यांवरून आपण घरात राहिलेल्यांचा अंदाज बांधतो, आणि तिथेच गफलत होते. सौम्य उधाण घरातच येतं आणि घरातच ओसरतं. त्याला 'डोकं फिरलंय', 'पैशाची मस्ती आलीय', 'संगत बिघडलीय' अशी नावं पडतात.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील त्यात एकत्र केले आहेत. हार्डवेअरचं दुकान असलेला पस्तिशीतला माणूस, सोबत बायको. तीन महिने दुकानात जात नव्हता, जेवण तुटलेलं, 'जगून काय उपयोग' म्हणत होता. फाईलमध्ये तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तिन्हींवर नैराश्याची गोळी आणि झोपेची गोळी. 'कधी खूप आनंदी असायचात का?' या प्रश्नावर त्याने मान हलवली, नाही म्हणून. असा प्रश्न निरुपयोगीच असतो. मग मी बायकोला विचारलं, 'वहिनी, यांची झोप कमी होऊनसुद्धा हे दिवसभर पळत राहिलेत, असं कधी झालं होतं?' ती क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिली आणि मग भडाभडा बोलायला लागली. मागच्याच्या मागच्या गणपतीत मंडळाची वर्गणी यांनी एकट्याने भरली. रात्री दोनला उठून दुकानाची मांडणी बदलायचे, पहाटे चारला सप्लायरला फोन लावायचे. पंधरा दिवसांत दोन प्लॉटना इसार देऊन आले, पैसे हातउसने घेतलेले. सासऱ्यांना, ज्यांच्यापुढे कधी मान वर केली नव्हती, भर पंगतीत बोलले. दसऱ्यापर्यंत हे सगळं चाललं आणि दिवाळीत अंथरुणाला खिळले. नवरा खाली मान घालून म्हणाला, 'तेव्हा धंद्याचं टेन्शन होतं.' इसार बुडालेला होता, सोयरे तुटले होते, आणि हे सगळं त्या घराने त्याच्या स्वभावाच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं.

या संभाषणातला कळीचा मुद्दा झोपेचा आहे. झोप लागत नाही हे नैराश्यातही असतं, चिंतेतही असतं. तो माणूस रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी गळून गेलेला असतो. मेनियात झोपेची गरजच कमी होते. तीन तास झोपून उठला तरी माणूस टवटवीत. 'झोप येते का?' एवढंच विचारलं की दोन्ही रुग्ण 'नाही' म्हणतात आणि दोघांनाही तीच झोपेची गोळी मिळते. 'सकाळी कसं वाटतं?' हा पुढचा प्रश्न विचारला की दोघे वेगळे होतात. त्याला रक्ततपासणी लागत नाही, स्कॅन लागत नाही. तसंही या आजाराचं निदान करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आजमितीला जगात कुठेही नाही. थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइडचे डोस, दारू-गांजा यांनीही असं चित्र दिसू शकतं म्हणून त्यांची तपासणी करायची असते, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मेनिया आला तर मेंदूत काही घडलंय का हे बघावंच लागतं. पण आजार ओळखायचा तो विचारून आणि ऐकूनच.

आणि विचारायचं ते लोकांच्या पंचांगात. तारखा कुणाला आठवत नाहीत. 'पेरणीच्या वेळी कसे होता? लग्नसराईत? धाकट्याचं बारसं झालं तेव्हा?' असं विचारलं की आठवणी सरसर येतात. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ मारावी, तिच्यावर सणवार आणि घरातले प्रसंग मांडावेत आणि कुठे वर गेलात, कुठे खाली, ते घरच्यांनाच दाखवायला सांगावं. वीस मिनिटांत आठ-दहा वर्षांचा आलेख तयार होतो. बरेचदा त्या कागदाकडे बघून रुग्ण स्वतःच म्हणतो, 'म्हणजे हे दर दोन वर्षांनी होतंय की!' आजार पहिल्यांदा मान्य होतो तो अशा वेळी. माझ्या मते निदानाचं अर्धं काम या रेघेत आहे, आणि तिला वेळ सोडून काहीच खर्च नाही.

घराण्याच्या इतिहासाचंही असंच. हा आजार रक्ताच्या नात्यात वारंवार आढळतो. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर इतरांना होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. पण 'घरात कुणाला मानसिक आजार?' असं फॉर्ममधल्या भाषेत विचारलं की उत्तर ठरलेलं: नाही. आपल्या घरांत तो इतिहास आजार म्हणून जपलेलाच नसतो, तो गोष्टी म्हणून जपलेला असतो. चुलत आजोबांनी एका वर्षात बारा एकर विकून देऊळ बांधलं. काका एके दिवशी कुणालाही न सांगता निघून गेले आणि सहा महिन्यांनी परत आले. आत्या बाळंतपणानंतर महिनाभर 'बाहेरच्या'च्या तडाख्यात होती आणि पुढे तिने विहीर जवळ केली. 'घरात कुणी एकाएकी जमीन विकली, घर सोडलं, जीव दिला असं घडलंय का?' असं विचारलं की या गोष्टी एकेक करून बाहेर येतात. प्रत्येक गोष्टीमागे आजारच असेल असं अजिबात नाही. पण दोन पिढ्यांत अशा तीन गोष्टी निघाल्या, तर समोरच्या पोराला नैराश्याची गोळी लिहिताना हात थांबला पाहिजे.

हात का थांबायचा? कारण बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय नुसती नैराश्याची गोळी दिली, तर काही रुग्ण तिच्यावरून थेट मेनियात जातात. जुन्या ट्रायसायक्लिक गटाच्या गोळ्यांनी आणि व्हेन्लाफॅक्सिनने हा धोका जास्त, इतर नव्या गोळ्यांनी कमी, पण शून्य नाही. काहींना मेनिया होत नाही, पण नैराश्य हटत नाही, एक गोळी बदलून दुसरी, दुसरी बदलून तिसरी, असं वर्षानुवर्षं चालतं. आपल्याकडे नैराश्यावरचं एस्सिटॅलोप्रॅम आणि झोप-चिंतेवरचं क्लोनाझेपॅम एकत्र असलेली गोळी सर्रास लिहिली जाते, मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर ती पुन्हा पुन्हा देतो, शेजारी शेजाऱ्याला सुचवतो. बहुतेक रुग्ण तिच्यावरून मेनियात जात नाहीत. पण ज्याचं उधाण कुणी विचारलंच नाही, त्याच्यासाठी ती सुरक्षित आहे हे कुणी ठरवलं? पहिलं नैराश्य पंचविशीच्या आत आलं असेल, ते पुन्हा पुन्हा येत असेल, त्यात झोप आणि भूक कमी होण्याऐवजी वाढलेली असेल, भास होत असतील, किंवा गोळीने चारच दिवसांत 'जादू झाल्यासारखं' बरं वाटायला लागलं असेल, तर फॅमिली डॉक्टरने दोन पावलं मागे येऊन पुन्हा विचारलं पाहिजे.

बाळंतिणींबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा बायपोलर आजार उफाळून येण्याचा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. हजार बाळंतपणांमागे एक-दोन स्त्रियांना तीव्र मनोविकाराचा झटका येतो आणि त्यातल्या अनेकींच्या मुळाशी बायपोलर आजार असतो. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. मुलगी रात्र-रात्र जागी असते, सारखी बोलते, बाळाबद्दल विचित्र काहीतरी म्हणते, आणि घरचे चार दिवस 'बाळामुळे झोप नाही' म्हणून, पुढचे चार दिवस अंगारे-धुपारे करून घालवतात. ही तातडीची वेळ असते, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. गरोदरपणाच्या नोंदवहीत रक्तदाब आणि हिमोग्लोबिन जितक्या काळजीने लिहिलं जातं, तितक्याच काळजीने 'पूर्वी मनाचा आजार? आई-बहिणीला बाळंतपणात त्रास?' हे लिहिलं गेलं तर कितीतरी जणींवर आधीपासून लक्ष ठेवता येईल. निदान आधी झालं तर औषधही विचारपूर्वक निवडता येतं. व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं औषध गरोदरपणात घेतलं गेलं, तर शंभरात साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणून युरोपात 2018 पासून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देण्यावर कडक बंधनं आहेत. आपल्याकडे लग्नाच्या वयाच्या मुलींच्या चिठ्ठ्यांवर ते अजून सहज दिसतं, आणि हे पाहून मला दर वेळी राग येतो.

घरच्यांना विचारा असं मी वर म्हटलं, त्याला एक कडक पुरवणी जोडतो. घरचे म्हणजे फक्त सासरचे नव्हेत. 'ही बायपोलर आहे असं लिहून द्या' अशी मागणी घेऊन सुनेला आणणारी माणसंही दवाखान्यात येतात. मागे घटस्फोटाचा अर्ज असतो किंवा जमिनीची वाटणी. नवऱ्याच्या मारहाणीला उलट बोलणाऱ्या बाईची 'चिडचीड' आजारात मोजली जाऊ शकते. अशा वेळी माहेरचं माणूस बोलावल्याशिवाय आणि तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 3 इथे उपयोगी पडतं. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हायला हवं, पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आजचा आजार ठरत नाही, आणि मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे ती व्यक्ती मनोविकल (कायद्याच्या भाषेत 'अनसाऊंड माइंड') ठरली असा अर्थ न्यायालयाने सांगितल्याशिवाय काढता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वकिलांनी आणि डॉक्टरांनी हे कलम पाठच करावं.

निदान दुसऱ्या बाजूनेही चुकतं. मेनिया शिगेला पोचला की भास होतात, 'मी देवाचा अवतार' असं माणूस म्हणू लागतो, संशय घेतो. त्या एका दिवसाच्या चित्रावरून त्याच्यावर स्किझोफ्रेनिया या वेगळ्याच मनोविकाराचा शिक्का बसतो आणि पुढची कित्येक वर्षं तो शिक्का प्रत्येक डॉक्टर पुढच्या केसपेपरवर उतरवून घेतो. 1960 च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णालयांतल्या निदानांची तुलना करणारा मोठा संयुक्त अभ्यास झाला. न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्यांना स्किझोफ्रेनिया म्हणत, त्यांतल्या कितीतरी जणांना समान निकष लावल्यावर मेनिया किंवा नैराश्याचा आजार निघाला. फरक मुख्यतः रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता. त्या अभ्यासाने अमेरिकेतल्या निदानपद्धतीला हादरा दिला आणि 1980 मध्ये तिथे काटेकोर निकष आले. आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या रुग्णांच्या जुन्या फाईली अशाच नव्या नजरेने एकदा वाचल्या जाव्यात, असं मला फार वाटतं. मधल्या काळात ज्याचं मन पूर्ण ताळ्यावर येतं, जो दोन झटक्यांच्या मध्ये नोकरी करतो, त्याच्या शिक्क्यावर शंका घेतलीच पाहिजे.

मात्र, ऊठसूट सगळ्यांना बायपोलर म्हणा असं माझं म्हणणं नाही. तशी लाटही येऊन गेली आहे. अमेरिकेत मुला-किशोरांच्या दवाखान्यातल्या भेटींत बायपोलर निदानाचं प्रमाण 1994-95 ते 2002-03 या काळात जवळजवळ चाळीस पट वाढलं. चिडक्या मुलांवर मोठ्यांची औषधं चालवली गेली आणि अखेर अशा मुलांसाठी निदानाची वेगळी चौकट करावी लागली. ऱ्होड आयलंडमध्ये मार्क झिमरमन यांच्या गटाने 2008 साली, 'आम्हाला बायपोलर सांगितलंय' म्हणणाऱ्यांची सविस्तर मुलाखत घेऊन फेरतपासणी केली, तेव्हा निम्म्याहून कमी जणांचं निदान टिकलं. आता आपल्या शहरांतही सकाळी भांडण, संध्याकाळी समेट झाला की 'तू बायपोलर आहेस का' असं पोरं एकमेकांना म्हणतात. तासागणिक बदलणारा मूड म्हणजे बायपोलर आजार नव्हे. इथे बदल दिवसांचा, आठवड्यांचा असतो आणि तो माणूस ओळखू येईनासा करतो. या दोन्ही चुका, आजार न दिसण्याची आणि नसलेला दिसण्याची, एकाच घाईतून होतात. आजचा दिवस बघून निदान करायचं, मागची दहा वर्षं विचारायची नाहीत. उपायही त्यामुळे एकच आहे.

घाईला डॉक्टर एकटा जबाबदार नाही, हेही खरं. सरकारी ओपीडीत सकाळच्या चार तासांत शंभर केसपेपर असतात. शिवाय माहिती लपवली जाते. 'मुलीचं स्थळ बघायचं चाललंय, फाईलवर काही लिहू नका' ही विनंती मला नेहमी ऐकावी लागते. त्या आईबापांना मी दोष देऊ शकत नाही. लिहिलेलं उघड झालं तर काय होतं हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलेलं असतं. पण न लिहिलेली गोष्ट पुढच्या डॉक्टरला कळत नाही, आणि लग्नाच्या धामधुमीत, जागरणांत, औषध बंद केलेलं असताना पहिला मोठा मेनिया येतो. जागरण हे या आजाराचं खात्रीचं निमित्त आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकांत रात्री काढणाऱ्या मुलांच्या घरच्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

तर मग करायचं काय? नैराश्य शोधण्यासाठी जगभर आणि आपल्याकडेही पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरली जाते. यादी चांगली आहे. पण तिचे नऊच्या नऊ प्रश्न गेल्या दोन आठवड्यांतल्या नैराश्याबद्दल आहेत. उधाणाबद्दल एकही नाही. आरोग्य केंद्रावर, कॉलेजच्या समुपदेशन कक्षात, टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर, जिथे जिथे ही यादी किंवा तिच्यासारखी दुसरी वापरली जाते, तिथे खाली दोन प्रश्न कायमचे जोडावेत. कमी झोपेवरही चार दिवसांहून जास्त काळ अंगात वेगळीच ताकद होती, असं कधी झालं का? आणि त्या काळात तुम्ही नेहमीसारखे नाही असं घरच्यांना वाटलं का? 'हो' आलं तर तिथेच निदान करायचं नाही, गोळी सुरू करण्याआधी तज्ज्ञाकडे पाठवायचं. एमबीबीएसला मानसोपचार हा अजूनही स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही, तो व्हावा ही मागणी जुनीच आहे आणि मी ती पुन्हा करतो. पण परीक्षा येईल तेव्हा येईल, फॉर्मवर दोन ओळी वाढवायला एक परिपत्रक पुरतं.

याच्या पुढचं काम जिल्हा रुग्णालयांचं आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केडने 1949 साली मेनियावर लिथियमचा गुण दाखवला. या आजारात झटके टाळण्यासाठी आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याच औषधामागे नाही. ते स्वस्तही आहे. पण रक्तातली त्याची पातळी साधारण लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलीमोलच्या पट्ट्यातच ठेवावी लागते, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात घामाने अंगातलं पाणी कमी झालं, किंवा अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेतलं, तर ती पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. पातळी मोजायची सोय जवळ नाही म्हणून कितीतरी डॉक्टर लिथियम लिहायलाच कचरतात, आणि नेमकं निदान होऊनही रुग्णाला दुय्यम औषधावर राहावं लागतं. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लिथियमची तपासणी मोफत आणि त्याच दिवशी अहवाल मिळेल अशी सुरू करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पुढच्या अंदाजपत्रकात ही मागणी नावानिशी यायला हवी, आणि आपापल्या जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांना ती लेखी कळवण्याचं काम आम्ही मानसोपचारवाल्यांनी याच वर्षी करावं.